सांडपाण्यातली औषधं 'नॅनो'ने खरंच निघतात का? मराठवाड्यापुरतं बोलू

अंबानगरीकर (धागाकर्ता)

मंडळी, अंबाजोगाईत माझं मेडिकल आहे. काउंटरवरून दिवसभर काय जातं ते तोंडपाठ आहे. शुगरची मेटफॉर्मिन, तापाची पॅरासिटामॉल, गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅक, आणि चिठ्ठी असो-नसो लोक ज्याच्यासाठी हटून बसतात ती सिप्रो-अझिथ्रो ही अँटिबायोटिक. आपण गोळी गिळतो आणि विसरतो. पण मेटफॉर्मिन शरीरात जवळपास मोडतच नाही, आहे तशी लघवीवाटे बाहेर पडते. सिप्रोचाही निम्म्याच्या आसपास भाग तसाच जातो. डायक्लोफिनॅकच्या जेलचं तर विचारूच नका. कातडीतून रक्तात उतरतं ते सहा-सात टक्के. उरलेलं हाताला, टॉवेलला, लुगड्याला आणि शेवटी मोरीत.

आता मुद्द्याचं. भाचा संभाजीनगरला नॅनोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करतोय. सुट्टीला आला तेव्हा गच्चीवर त्याने प्रयोग करून दाखवला. काचेच्या बरणीत पाणी, त्यात मिथिलीन ब्लूचे थेंब, वर चिमूटभर झिंक ऑक्साइडची नॅनो पावडर. दुपारच्या उन्हात काडीने ढवळत बसला. निळंशार पाणी आधी आकाशी झालं, मग नुसती झाक उरली, मग तीही गेली. म्हणाला, "मामा, औषधांचे रेणूपण असेच फुटतात."

माझा साधा प्रश्न: मग हे नाल्यांवर का करत नाहीत? ऊन आपल्याकडे काय कमी आहे? शंकाही आहेच म्हणा. 'नॅनो' म्हटलं की आधी टाटांची गाडी आठवायची, आता युरियाची बाटली आठवते. जाणकारांनी उजेड पाडावा.

ईटीपीवाला

मामा, नाल्यावर जायच्या आधी आमच्या टाकीवर चला. मी एमआयडीसीत औषधाच्या कंपनीत ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाचा प्लँट बघतो. नाव-गाव विचारू नका.

ईटीपी म्हणजे शेवटी जिवाणू पाळायचा धंदा. एरेशन टाकीत हवा मारायची, जिवाणूंनी घाण खायची, मग गाळ होऊन खाली बसायचं. रोज सकाळी टाकीतलं पाणी एक लिटरच्या सिलिंडरमध्ये घेऊन अर्धा तास ठेवतो. गाळ तळाला बसला, वर निवळ पाणी दिसलं की दिवस बरा जाणार. अँटिबायोटिकच्या बॅचचं रिअ‍ॅक्टर धुतलेलं पाणी कुणी सरळ सोडलं, की तोच सिलिंडर दुसऱ्या दिवशी बघवत नाही. गाळ तरंगतो, वरचं पाणी गढूळ, टाकीवर पांढरा फेस वीतभर. जिवाणू मारायलाच बनवलेलं औषध जिवाणूंच्या ताटात वाढल्यावर दुसरं काय होणार? मग शेणकाला आणा, दुसऱ्या प्लँटमधून गाळ आणा, आणि मॅनेजरचे फोन घेत बसा.

आणि प्रदूषण नियंत्रण बोर्डाला काय दाखवायचं असतं? पीएच, बीओडी-सीओडी (घाण मोडायला किती ऑक्सिजन लागतो त्याची मापं), टीएसएस (तरंगणारा गाळ). गेटवरचं ऑनलाइन मीटरही हेच मोजतं. सीओडी हद्दीत आला की पाणी पास. त्यात सिप्रो किती, हे आम्हाला कुणी विचारत नाही आणि आम्हालाही ठाऊक नसतं.

हायड्रॉक्सिल

याच विषयात माझी पीएच.डी. झाली. आता कॉलेजात शिकवते, प्रोजेक्टचा पैसा कुणाकडून यायचा नाही, म्हणून मोकळं लिहिते.

आधी भाच्याला सांगा, शेजारी दुसरी बरणी ठेव: तोच रंग, पण पावडर नाही. मिथिलीन ब्लू नुसत्या उन्हानेही फिकी पडते. तिसरी बरणी पावडर घालून अंधाऱ्या खोलीत, कारण थोडा रंग पावडरीला नुसता चिकटतो. हे दोन्ही वजा करून जे उरेल ते पावडरीचं खरं काम. आणि रंग गेला म्हणजे रेणू संपला असं नव्हे. रंग देणारा तेवढा भाग मोडला तरी पाणी स्वच्छ दिसतं. औषधाला तर रंगच नसतो, तिथे डोळ्यांचा उपयोग नाही.

प्रयोगामागचं शास्त्र मात्र खरं आहे. टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइडवर अतिनील प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन जागचा उठतो, मागे पोकळी राहते, आणि त्यातून पाण्यात हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात. (माझं टोपणनाव तिथूनच.) हा रॅडिकल जे भेटेल ते फोडत सुटतो. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाण्याचंच विघटन करून दाखवलं, तिथून हा सगळा पसारा वाढला. कण नॅनो का लागतो? पृष्ठभागासाठी. बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या पावडरीचा कण २० नॅनोमीटरच्या आसपास असतो आणि एका ग्रॅमला साधारण ५० चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो, म्हणजे ५०० चौरस फुटांच्या वर.

आता अडचणी. 'ऊन फुकट आहे' हे अर्धंच खरं. टायटॅनियमला लागतो तो अतिनील भाग, आणि सूर्यप्रकाशात तो असतो चार-पाच टक्के. बाकीचं ऊन नुसतं पाणी तापवतं. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशावर चालणारी पावडर करायची म्हणून कुणी त्यात नायट्रोजन मिसळतं, कुणी ग्रॅफिटिक कार्बन नायट्राइड वापरतं. ते चालतं, पण अजून प्रयोगशाळेतच.

दुसरी अडचण आपल्या पाण्याची. रॅडिकलला औषध कुठलं आणि साबण कुठला हे कळत नाही. नाल्यात औषध मायक्रोग्रॅममध्ये आणि इतर घाण मिलिग्रॅममध्ये, म्हणजे हजारपट. वरून आपलं काळ्या पाषाणातलं क्षाराचं पाणी. बोअरच्या पाण्याने गीझरची कॉइल कशी पांढरी होते ते सगळ्यांनी पाहिलंय. त्या क्षारांबरोबरचं बायकार्बोनेट रॅडिकल खाऊन टाकतं. शोधनिबंधात ९५ टक्के सिप्रो गेलं असं वाचलंत, तर आधी बघा पाणी कुठलं होतं. बहुतेक वेळा डिस्टिल्ड, आणि त्यात लिटरला १० मिलिग्रॅम औषध घातलेलं. गावाच्या सांडपाण्यात १ मायक्रोग्रॅम धरलं तर हे दहा हजारपट झालं.

रोखठोक

ताई, म्हणजे हिशेब शून्य! प्रस्तावात 'नॅनो' घातलं की निधी मिळतो, पेपर छापून येतो, मुलं पीएच.डी. होतात आणि नाला आहे तिथेच वाहतो. उगाच लोकांना आशा लावायची.

खामकाठ

आमचं वावर खाम नदीच्या कडंला हाये, वाळूजच्या अंगाला. तुम्ही सगळे शिकलेले लोक हाये म्हणून इचारतो. आमच्या नदीला पावसाळ्यात पुराचं पाणी, बाकी साल शहराचं सांडपाणीच. त्याच्यावरच घास, मका, मेथी. दुष्काळात विहीर आटती, पण नाला आटत न्हाई. ह्या पाण्यानं आमची जनावरं जगवली.

तव्हा नॅनो करा का अजून काय करा, पण 'पाणी खराब हाये' म्हणून नाला बंद करून पायपात घालू नका म्हंजे झालं. अन् एक सांगा, मेथीत उतरतं का हे औषध?

हायड्रॉक्सिल

खामकाठ दादा, उतरतं, पण सगळी औषधं सारखी नाहीत. मिरगीवरचं कार्बामाझेपिन सांडपाण्याच्या साध्या प्रक्रियेत जवळपास हलतच नाही. ते मुळातून वर चढतं आणि पानात साठतं, हे प्रयोगांत दिसलंय. उलट पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन ही बरीचशी जिवाणूच खाऊन टाकतात. भाजीत सापडतं ते प्रमाण गोळीच्या मानाने फार कमी असतं. खरी धास्ती अँटिबायोटिकची आहे, आणि ती मेथी खाण्याची कमी, वावरातल्या मातीतले जिवाणू त्या औषधाला सरावतात त्याची जास्त. ते काम मायक्रोग्रॅममध्येही होतं.

तुमच्या पाण्याच्या मुद्द्याला माझं पूर्ण समर्थन. खाम पुढे नाथसागराच्या (जायकवाडी धरणाच्या) पाण्यातच जाते आणि शहर पितं तेही नाथसागराचंच. पाणी अडवून प्रश्न सुटत नाही, फिरून आपल्याच घरी येतो.

@रोखठोक, तुमचा राग कळतो, पण शून्य नाही हो. आयआयटी मद्रासमधल्या टी. प्रदीप यांच्या गटाने नॅनोकणांवर कीटकनाशक काढणारा घरगुती फिल्टर करून बाजारात आणला, पुढे आर्सेनिकसाठी लोखंडाच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडचा. २००९ मध्ये आलेलं टाटा स्वच्छ तर भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवून केलेलं होतं. ही यंत्रं चालली, कारण पाणी थोडं होतं, बऱ्यापैकी स्वच्छ होतं आणि काढायची गोष्ट एकच होती. नाल्यात तिन्ही उलटं.

एक लाख वस्तीचं गाव घ्या. माणशी १०० लिटर सांडपाणी, म्हणजे दिवसाला १ कोटी लिटर. ऊन तळापर्यंत पोचावं म्हणून १० सेंटिमीटर खोल पसरलं तर १० हेक्टर, म्हणजे २५ एकर हौद. प्रयोगशाळेतल्यासारखी लिटरला १ ग्रॅम पावडर टाकली तर १० टन पावडर. आणि ती सगळी परत गाळून काढायची, कारण झिंक किंवा चांदीचे कण वाहून नदीत गेले तर मासे आणि चांगले जिवाणू तेच मारणार. रात्रीचं पाणी कुठे साठवायचं ते मी अजून धरलंच नाही.

बिलोलीकर

नद्यांचं निघालंय म्हणून मांजरेबद्दल लिहितो. ही नदी आपली म्हणून आपण बोलतो, पण तिचा पुढचा प्रवास किती जणांना ठाऊक आहे? बालाघाटात पाटोद्याकडे उगम. केजजवळ धनेगावचं धरण, ज्याच्यावर लातूर जगतं (आणि ते आटलं म्हणून २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं). पुढे बीदर, मग तेलंगणात. तिथे हैदराबादच्या अलीकडे पटणचेरू, औषध कारखान्यांचं आगर. तिथला नक्कावागू नावाचा ओढा मांजरेलाच मिळतो. मग मांजरा उत्तरेला वळते, निजामसागरातून निघून आमच्या बिलोलीच्या शिवेवर येते आणि कंदकुर्तीला गोदावरीत पडते. म्हणजे बीडहून गेलेली नदी पटणचेरू बघून नांदेड जिल्ह्याच्या उंबऱ्याशी परत येते.

२००७ मध्ये स्वीडनच्या जोकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पटणचेरूच्या सामाईक शुद्धीकरण केंद्राचं पाणी तपासलं. साधारण ९० कारखान्यांचं पाणी तिथे यायचं. प्रक्रिया *झाल्यानंतरच्या* पाण्यात सिप्रो लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत. दिवसाकाठी सुमारे ४५ किलो.

पुढे ते पाणी पाइपने हैदराबादच्या अंबरपेट केंद्राकडे नेलं, म्हणजे मुसी नदीत, म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यात. गोदावरीची ब्याद कृष्णेला दिली, एवढंच.

अंबानगरीकर

४५ किलो? अहो ५०० मिलिग्रॅमच्या गोळीने हिशेब केला तर रोज ९० हजार गोळ्या होतात की! माझ्या दुकानातून सगळ्या वर्षात जात नाहीत.

म्हणजे माझ्या गिऱ्हाइकांची लघवी एकीकडे आणि हे एकीकडे. मी उगाच गुडघ्याच्या जेलवर घसरलो.

ईटीपीवाला

मामा, मी तेच म्हणतोय. आणि बिलोलीकरांच्या आकड्यात एक गोष्ट बघा. ३१ मिलिग्रॅम! ताई म्हणाल्या की प्रयोगशाळेत १० मिलिग्रॅमवर पावडर चालते, नाल्यातल्या मायक्रोग्रॅमवर नाही. मग प्रयोगशाळेसारखं पाणी आमच्याकडेच आहे ना.

आणखी आत चला. कंपनीतली दोनच-तीन पाणी खरी वाईट असतात: रिअ‍ॅक्टरचं पहिलं धुणं, मदर लिकर, आणि फिल्टरच्या धुण्याचं. मदर लिकर म्हणजे औषधाचे स्फटिक काढून घेतल्यावर उरलेला द्राव. हे सगळं मिळून एकूण पाण्याच्या मानाने थोडकं असतं. ते वेगळ्या पाइपने वेगळ्या टाकीत घेतलं तर काही हजार लिटरचा प्रश्न. कूलिंग टॉवरचं, कँटीनचं, संडासचं पाणी त्यात मिसळलं की लाखो लिटरचा. पण वेगळी लाइन टाकायला खर्च येतो, म्हणून सगळं एकाच गटारीत. एकदा मिसळलं की मग नॅनो काय आणि पिको काय.

हायड्रॉक्सिल

अगदी बरोबर जागेवर बोट ठेवलंत. मला कुणी विचारलं नॅनो कुठे बसवू, तर मी म्हणेन कारखान्याच्या त्या वेगळ्या टाकीवर, जिवाणूंच्या *आधी*. तिथे काम एवढंच: अँटिबायोटिकचा रेणू पूर्ण राख व्हायची गरज नाही, त्याची जिवाणू मारायची ताकद गेली तरी पुरे. मग तुमची एरेशन टाकी बाकीचं पचवेल. तिथे अतिनील प्रकाशाचा दिवा लावता येतो, उन्हाची वाट बघायला नको. फक्त तुकडे मूळ औषधापेक्षा वाईट निघाले नाहीत ना, हे तपासावं लागतं. मूळ रेणू मशिनवर दिसेनासा झाला म्हणून काम झालं, असं नाही.

दुसरा मार्ग चुंबकीय कणांचा. मॅग्नेटाइटच्या (लोखंडाच्या चुंबकीय ऑक्साइडच्या) नॅनोकणांवर कोळशाचा थर द्यायचा. मी हे केलंय. बीकरमध्ये काळी शाई असल्यासारखं दिसतं, आणि बाहेरून लोहचुंबक लावला की मिनिटभरात सगळी पावडर काचेला एका बाजूला येऊन चिकटते, मधे स्वच्छ पाणी. बघायला फार गोड. कोळसा आपल्या पऱ्हाट्यांचा किंवा उसाच्या चिपाडाचाही चालतो. पण औषध इथे नष्ट होत नाही, फक्त पाण्यातून पावडरीत जातं. ती पावडर शेवटी घातक कचराच. तिचं काय करणार ते आधी ठरवायचं.

तिसरा, नॅनोफिल्ट्रेशन. यात पावडरच नाही, नॅनोमीटरभर छिद्रांचा पडदा. अझिथ्रोचा रेणू ७४९ वजनाचा, सिप्रो ३३१, डायक्लोफिनॅक २९६. हे बहुतांशी अडतात. पॅरासिटामॉल १५१, मेटफॉर्मिन १२९. ही पोरं फटीतून निसटतात. आणि अडलेलं सगळं पडद्याअलीकडे उरलेल्या, म्हणजे रिजेक्टच्या पाण्यात घट्ट होऊन बसतं.

रोखठोक

बरं, मान्य की शून्य नाही. पण कारखाना हे करेल कशाला? ईटीपीवाले भाऊच म्हणाले की सीओडी पास म्हणजे पाणी पास.

कलमबहाद्दर

हाच प्रश्न. पेशाने वकील आहे, म्हणून थोडं. जानेवारी २०२० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने मसुदा काढला होता, त्यात औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात कुठलं अँटिबायोटिक किती चालेल याच्या मर्यादा घातल्या होत्या. २०२१ मध्ये अंतिम नियम आले तेव्हा त्या मर्यादा गायब. सप्टेंबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिक कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी मार्गदर्शन काढलं, पण ते मार्गदर्शन आहे, बंधन नाही.

युरोपात बघा. स्वित्झर्लंडमध्ये २०१६ पासून कायदा आहे की निवडक शुद्धीकरण केंद्रांनी असे सूक्ष्म प्रदूषक ८० टक्के काढलेच पाहिजेत, आणि त्यासाठी माणशी वर्षाला ९ फ्रँकपर्यंत आकार आहे. युरोपीय महासंघाने २०२४ च्या निर्देशात आणखी एक पाऊल टाकलं: मोठ्या शहरांच्या या जादा प्रक्रियेचा किमान ८० टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्यांनी द्यायचा. आणि नॅनोवाल्यांनी राग मानू नये, पण स्विस लोकांनी निवडलं ते ओझोन आणि कोळशाची पूड. कायदा आधी आला, मग जे तंत्र हाताशी होतं ते बसलं.

हायड्रॉक्सिल

राग कसला, गावाच्या सांडपाण्यासाठी मीसुद्धा ओझोन आणि कोळसाच म्हणेन. संभाजीनगरच्या कांचनवाडीतल्या सांडपाणी केंद्राला कुणी नॅनो पावडर विकायला आलं तर त्याला आधी वरचा १० टनांचा हिशेब करायला सांगा.

गोठ्यातला डॉक्टर

थोडं अवांतर, पण डायक्लोफिनॅक निघालंच आहे म्हणून. जनावरांना टोचायचं डायक्लोफिनॅक आपल्याकडे २००६ मध्ये बंद केलं, कारण ते टोचलेलं ढोर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडाची किडनी जायची. सांगायचं एवढंच की औषधाला फिल्टर लावायचाही एक दुसरा रस्ता आहे: ते वापरायचंच नाही. मेलॉक्झिकॅम होतं, ते चाललं. कोंबड्यांच्या आणि म्हशींच्या अँटिबायोटिकबद्दल मात्र आमच्याच पेशातले लोक बोलायला तयार नाहीत.

अंबानगरीकर

सगळ्यांचे आभार, धाग्याची वाचनखूण साठवलीय. भाच्याला फोनवर सगळं वाचून दाखवलं. तीन बरण्यांचं ऐकून जरा हिरमुसला, मग म्हणाला की गाइडशी बोलून मिथिलीन ब्लू सोडून सिप्रोवर काम करतो, आणि डिस्टिल्ड पाण्यात नाही. ईटीपीवाले भाऊ, त्याला तुमच्याकडचं बादलीभर खरं पाणी मिळेल का?

ईटीपीवाला

नाही हो मामा, गेटबाहेर एक बाटली गेली तरी माझी नोकरी जाईल. पण त्याला म्हणावं पाणी स्वतः बनव, मी कृती देतो. साध्या पाण्यात क्षार भरपूर घालायचे, मीठ आणि सोडियम सल्फेट दोन्ही. थोडं मिथेनॉल, कारण सॉल्व्हंट असतंच. आणि सिप्रो १० नाही, ५० मिलिग्रॅम. त्यात पावडर चालली तर मला निरोप पाठव, मी साहेबांशी बोलून बघतो. नाहीच चालली तरी कळव.

हायड्रॉक्सिल

आणि गाइडना म्हणावं, शेवटी नुसता 'किती टक्के गेलं' हा आकडा नको. प्रक्रिया झालेलं पाणी ई. कोलायच्या प्लेटवर टाका. जिवाणूंची वाढ नीट झाली तर औषधाची ताकद गेली. प्लेटला खर्च नाही, एलसी-एमएसला (रेणू ओळखून मोजणाऱ्या मशिनला) कोटींची भाषा करावी लागते.

खामकाठ

आमच्या नाल्याचं पाणी पाहिजे असंल तर या, त्याला कुणाची परवानगी लागत न्हाई. बाटली तुमची आणा.

हायड्रॉक्सिल

येऊ दादा. मेथीचीही जुडी लागेल, आणि वावरातली थोडी माती. व्यक्तिगत निरोप करते.